न छापली जाणारी समीक्षा : संशोधनपत्रिकांतील तज्ज्ञ-परीक्षणाचा विचार

१

समीक्षालेखनाचे प्रकार सांगताना ग्रंथपरीक्षण, प्रस्तावना, रसग्रहण, वाङ्मयेतिहास, सैद्धान्तिक निबंध यांचा उल्लेख नेहमी होतो. हे सर्व लेखन प्रसिद्ध होते आणि म्हणूनच त्याचीही समीक्षा होऊ शकते. विद्यापीठीय अभ्यासकाचे भवितव्य आज ज्या लेखनावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे, तो समीक्षाप्रकार मात्र या यादीत कोठेच येत नाही. संशोधनपत्रिकेकडे आलेल्या निबंधावर परीक्षकाने संपादकास पाठविलेला अभिप्राय, हा तो प्रकार होय. तो एका लेखनकृतीचे वाचन करतो, तिच्यातील प्रतिपादनाची छाननी करतो, गुणदोष दाखवितो आणि निर्णय सुचवितो. समीक्षेची बहुतेक कार्ये तो पार पाडतो. परंतु त्याला वाचक दोनच, संपादक आणि निबंधलेखक. लिहिणाराचे नाव बहुधा गुप्त असते आणि काम संपले की तो फाइलीत जातो.

इंग्रजीतून आलेल्या 'पीअर रिव्ह्यू' या संज्ञेसाठी मराठीत 'समकक्ष-परीक्षण' आणि 'तज्ज्ञ-परीक्षण' असे दोन पर्याय वापरात दिसतात. पहिल्यात बरोबरीवर भर आहे, दुसऱ्यात ज्ञानावर. लेखकाच्या बरोबरीचा असणे आणि त्या विषयातील जाणकार असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. या दोहोंतील अंतर मराठीच्या संदर्भात विशेष महत्त्वाचे ठरते. परीक्षणाचे मोल त्यातून मिळणाऱ्या शिक्क्यात नसून त्यात घडणाऱ्या वाचनात आहे, आणि शिक्क्याची मागणी वाढत गेली तसतसे वाचन मागे पडत गेले, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रक्रियेचे स्थूल स्वरूप असे. आलेला निबंध प्रथम संपादक वाचतो. पत्रिकेच्या क्षेत्रात तो बसतो काय, त्यात काही नवे सांगितले आहे काय, आधार नीट दिले आहेत काय, एवढे पाहून अनेक निबंध याच टप्प्यावर परत जातात. उरलेले सामान्यतः दोन परीक्षकांकडे पाठविले जातात. एकेरी अनामिक पद्धतीत परीक्षकाला लेखकाचे नाव ठाऊक असते, लेखकाला परीक्षकाचे नसते. दुहेरी अनामिक पद्धतीत दोघेही परस्परांना अज्ञात राहतात. मानव्यविद्यांमध्ये दुसरी पद्धत अधिक रूढ आहे. परीक्षकाने बहुधा चारपैकी एक शिफारस करावयाची असते : निबंध आहे तसा स्वीकारावा, किरकोळ दुरुस्त्यांनंतर स्वीकारावा, पुनर्लेखन करवून पुन्हा तपासावा, किंवा नाकारावा. दोघांची मते विरुद्ध पडली तर संपादक तिसऱ्याचा सल्ला घेतो. या कामाचा मोबदला बहुतेक ठिकाणी दिला जात नाही.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, परीक्षक शिफारस करतो, निर्णय मात्र संपादकाचा असतो. परीक्षकाचे नाव झाकलेले असले तरी संपादकाचे नाव पत्रिकेवर छापलेले असते. म्हणजे अनामिक परीक्षणाची जबाबदारी घेणारा एक सनाम माणूस या व्यवस्थेत गृहीत धरलेला आहे. दुसरी गोष्ट परीक्षणाच्या मर्यादेची. परीक्षक प्रयोग पुन्हा करून पाहत नाही, दप्तरखान्यात जाऊन कागद ताडून पाहत नाही, पोथी उघडून पाठ जुळवीत नाही. लेखकाने सादर केलेला पुरावा खरा आहे असे मानून तो त्या पुराव्यावरून निघणारा निष्कर्ष तपासतो. त्यामुळे परीक्षणातून उतरलेला निबंध निर्दोष असतोच असे नाही. 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित वैद्यकीय पत्रिकेने लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचविणारा १९९८ साली छापलेला निबंध २०१० साली मागे घेतला, हे उदाहरण सर्वश्रुत आहे.

३

परीक्षणाची परंपरा १६६५ साली लंडनमध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी सुरू केलेल्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या पत्रिकेपासून मोजण्याचा प्रघात आहे. तथापि ओल्डेनबर्ग हे मुख्यतः संपादक होते; काय छापावे याचा निर्णय प्रामुख्याने त्यांचा असे. १७५२ साली रॉयल सोसायटीने ही पत्रिका आपल्याकडे घेतली आणि निबंधांच्या निवडीसाठी एक समिती नेमली. त्या वेळी प्रसिद्ध केलेल्या निवेदनातील भूमिका आजच्या वाचकाला चकित करणारी आहे. विषयाचे महत्त्व किंवा नावीन्य, अथवा मांडणीची सरसता पाहून निबंध निवडले जातील. त्यांतील माहितीच्या सत्यतेची किंवा युक्तिवादाच्या योग्यतेची हमी संस्था घेत नाही, ती जबाबदारी ज्याच्या त्याच्या लेखकाची, असे त्यात स्पष्ट केले होते. परीक्षण म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, ही गोष्ट परीक्षणाच्या आरंभकाळातच संस्थेने सांगून ठेवलेली होती.

लेखी अभिप्रायाचा जन्म याच संस्थेत पुढे झाला. १८३१ साली विल्यम ह्यूएल यांनी असे सुचविले की, महत्त्वाच्या निबंधांवर जाणकारांकडून अहवाल लिहवून घ्यावेत आणि ते संस्थेच्या वृत्तांतात छापावेत. ह्यूएल यांची अपेक्षा छाननीची नव्हती. एखाद्या निबंधाचे शास्त्रात स्थान काय, हे दाखविणारे हे लेखन मूळ निबंधाइतकेच वाचनीय होईल, असे त्यांना वाटत होते. जॉर्ज एअरी यांच्या ग्रहगतीविषयक निबंधावर ह्यूएल आणि जॉन लबक यांनी मिळून पहिला अहवाल लिहावयाचा ठरला आणि तेथेच अडचण उभी राहिली. लबक यांना निबंधातील मांडणीचे दोष दाखवावयाचे होते, ह्यूएल यांना त्याचे महत्त्व विशद करावयाचे होते. अखेरीस गौरवपर अहवाल छापला गेला आणि आक्षेप बाजूला राहिले. पुढे अहवाल छापण्याची कल्पनाच मागे पडली, मागविण्याची पद्धत मात्र टिकली. अभिप्राय गोपनीय झाला तो असा.

हा इतिहास समीक्षेच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. रसग्रहण आणि दोषदिग्दर्शन यांतील जुनाच झगडा येथे पहिल्याच अहवालात उभा राहिलेला दिसतो. जाहीर लेखनात स्पष्टपणा टिकेना, म्हणून स्पष्टपणा खाजगीत गेला. आणि खाजगीत गेल्यावर विवेचनाचा भाग क्षीण होऊन निवाड्याचा भाग बळावला. तरीही ही पद्धत सार्वत्रिक व्हावयास बराच काळ लागला. डीएनएच्या रचनेवरील १९५३ मधील वॉटसन आणि क्रिक यांचा निबंध 'नेचर'मध्ये बाह्य परीक्षणाविनाच छापला गेला. त्या पत्रिकेने बाह्य परीक्षण नियमित केले ते १९७३ साली. आज जी पद्धत ज्ञानव्यवहाराचा सनातन आधार म्हणून सांगितली जाते, ती तिच्या प्रचलित रूपात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

४

गोपनीय अभिप्राय किती मोलाचा असू शकतो, याचे एक ठळक उदाहरण १९३६ सालचे आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन आणि त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनी 'फिजिकल रिव्ह्यू' या अमेरिकन पत्रिकेकडे एक निबंध पाठविला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात असू शकत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाकडे दिला. परीक्षकाने सुमारे दहा पानांचा अभिप्राय लिहून युक्तिवादातील चूक दाखविली. टेट यांनी तो लेखकांकडे पाठवून त्यांचे म्हणणे विचारले. आइन्स्टाइन यांनी रागाने कळविले की, निबंध प्रसिद्धीसाठी पाठविला होता, छापण्यापूर्वी तो तज्ज्ञांना दाखविण्यास आपण संमती दिलेली नव्हती. आता तो अन्यत्र प्रसिद्ध करणे आपण पसंत करू. त्यांनी निबंध परत घेतला.

परीक्षक होते हॉवर्ड रॉबर्टसन. याची खात्री पत्रिकेच्या जुन्या नोंदवहीवरून २००५ साली पटली. रॉबर्टसन प्रिन्स्टनचेच. पुढे तेथे आइन्स्टाइन यांचे नवे साहाय्यक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी बोलताना त्यांनी तीच चूक समजावून दिली आणि ती आइन्स्टाइन यांच्यापर्यंत पोहोचली. १९३७ साली तो निबंध 'जर्नल ऑफ द फ्रँकलिन इन्स्टिट्यूट'मध्ये आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता. गुरुत्वीय लहरींचे पहिले प्रत्यक्ष निरीक्षण १४ सप्टेंबर २०१५ रोजी झाले.

या प्रसंगाचा अर्थ लावताना 'मोठ्यांच्याही चुका होतात' एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. परीक्षकाने दहा पाने लिहिली, म्हणजे त्याने निबंध खऱ्या अर्थाने वाचला होता. अनामिकतेमुळे आइन्स्टाइन यांच्यासारख्या लेखकाची चूक दाखविण्यास त्याला संकोच वाटला नाही. संपादकाने जगद्विख्यात लेखक गमावण्याची जोखीम पत्करली, पण परीक्षण गुंडाळून ठेवले नाही. आणि चौथी गोष्ट अशी की, जो मुद्दा अनामिक कागदावरून आला तेव्हा लेखकाने झिडकारला, तोच संवादातून आला तेव्हा स्वीकारला. अनामिकता स्पष्टपणाला बळ देते. पटवून देण्याचे काम मात्र ती एकटी करू शकत नाही.

न्यायशास्त्राने चर्चेचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, ते अभिप्रायांचे स्वरूप समजून घेण्यास उपयोगी पडतात. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो आणि छलादी साधनेही वापरतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करतो ती वितंडा. रॉबर्टसन यांचा अभिप्राय वाद या प्रकारातला होता. त्यांनी चूक दाखविली आणि वाटही दाखविली. आपल्या ग्रंथाचा उल्लेख नाही म्हणून निबंध अपुरा ठरविणारा परीक्षक जल्प करीत असतो. परंतु अनामिक परीक्षणाचा ओढा विशेषतः वितंडेकडे असतो, कारण परीक्षकाला स्वतःचा पक्ष मांडावाच लागत नाही. 'विषय जुना आहे', 'मांडणी विस्कळीत आहे', 'सैद्धान्तिक चौकट नाही', एवढ्या तीन वाक्यांत कोणताही निबंध नाकारता येतो आणि या वाक्यांना उत्तर देता येत नाही. उत्तर देता येणार नाही असे लिहिणे, हा समीक्षेतील सर्वांत गंभीर दोष होय.

या दोषाचा एक प्रसिद्ध पडताळा १९८२ साली डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी यांनी प्रसिद्ध केला. मानसशास्त्राच्या नामांकित पत्रिकांनी आधीच छापलेले बारा निबंध त्यांनी लेखकांची व संस्थांची नावे बदलून त्याच पत्रिकांकडे पुन्हा पाठविले. केवळ तीन ओळखले गेले. उरलेल्या नवांपैकी आठ नाकारले गेले, आणि तेही बहुशः पद्धतिशास्त्रीय दोष दाखवून. या उलट ॲलन सोकल यांनी १९९६ साली 'सोशल टेक्स्ट'मध्ये छापून आणलेला बनावट निबंध परीक्षणपद्धतीच्या अपयशाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, ते मात्र बरोबर नाही. त्या पत्रिकेत तेव्हा बाह्य परीक्षण नव्हते. ते अपयश संपादकांच्या वाचनाचे होते. ही दोन्ही उदाहरणे एकत्र पाहिली म्हणजे संपादकावाचून परीक्षक आणि परीक्षकावाचून संपादक, दोघेही अपुरे, असेच म्हणावे लागते.

५

भारतीय विद्यापीठांत ही पद्धत रुजली ती बऱ्याच अंशी वेगळ्या वाटेने. २०१० सालच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने अध्यापकांच्या नेमणुका व पदोन्नती यांसाठी गुणांकाची पद्धत आणली आणि परीक्षित पत्रिकांतील निबंधांना गुण ठरवून दिले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनाही प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध करणे आवश्यक झाले. हेतू दर्जा राखण्याचा होता. परंतु मागणी निबंधाची नव्हे तर निबंधाच्या दाखल्याची निर्माण झाली आणि त्या मागणीला साजेसा पुरवठा सुरू झाला. मुखपृष्ठावर 'रेफरीड', 'पीअर रिव्ह्यूड' आणि आयएसएसएन क्रमांक ठळकपणे छापणाऱ्या, शुल्क घेऊन आठवडाभरात निबंध स्वीकारणाऱ्या पत्रिका सर्व भाषांत निघाल्या. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटविणारा केवळ एक क्रमांक आहे, गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही, ही साधी गोष्टही या गर्दीत विसरली गेली.

हा रोग एकट्या भारताचा नाही. २०१३ साली जॉन बोहॅनन यांनी उघड चुका असलेला एक बनावट वैज्ञानिक निबंध शुल्क आकारणाऱ्या ३०४ पत्रिकांकडे पाठविला, तेव्हा त्यांपैकी १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला. भारतात यावर यादीचा उपाय योजला गेला. आयोगाने २०१७ साली मान्य पत्रिकांची यादी जाहीर केली. मे २०१८ मध्ये तिच्यातील ४,३०५ पत्रिका काढून टाकाव्या लागल्या. २०१९ पासून 'केअर' ही नवी यादी लागू झाली; पत्रिकांच्या छाननीचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात होता. २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.पूर्वीच्या निबंधाची सक्ती काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने 'केअर' यादीही बंद करून पत्रिकांची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपविली.

या पंधरा वर्षांच्या घडामोडींत एक समान धागा आहे. पत्रिका यादीत आहे की नाही, याची चर्चा अखंड झाली. परीक्षकाने काय लिहिले, याची जवळजवळ झालीच नाही. निवड समितीपुढे निबंधाची पहिली पाने, मुखपृष्ठाची छायाप्रत आणि स्वीकृतिपत्र ठेवले जाते, अभिप्राय ठेवला जात नाही. रॉयल सोसायटीने १७५२ साली जी हमी देण्याचे नाकारले होते, तीच हमी आता पत्रिकेकडून मागितली जाते, आणि निबंध वाचण्याचे श्रम वाचावेत म्हणून मागितली जाते.

६

मराठी संशोधनाला परीक्षणाची परंपराच नव्हती, असे म्हणणे योग्य होणार नाही. १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या सभांत निबंध आणि टिपणे वाचली जात व त्यांवर चर्चा होई; यांतील पुष्कळसे लेखन पुढे मंडळाच्या प्रकाशनांत येई. ते समोरासमोरचे आणि सनाम परीक्षण होते. मराठी संशोधन मंडळाची 'मराठी संशोधन पत्रिका' अ. का. प्रियोळकरांच्या संपादनाखाली १९५३ मध्ये सुरू झाली, ती साक्षेपी संपादकाच्या बळावर. खंडनमंडनाची मराठी परंपरा मुख्यतः जाहीर राहिली. एका अंकात निबंध, पुढच्या अंकात प्रतिवाद, त्यापुढच्या अंकात उत्तर, या क्रमात वाचकालाही परीक्षणात वाटा मिळत असे.

गोपनीय परीक्षणाची पद्धत या पार्श्वभूमीवर आणताना मराठीच्या काही वास्तव अडचणींचा विचार व्हावयास हवा होता. पहिली अडचण संख्येची. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ साली रोमन लिपीत छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणाच्या पाठपरंपरेवर एखादा निबंध आला, तर त्याच्या परीक्षकाला जुनी मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज यांची जाण हवी. तंजावरच्या सरस्वती महालातील मराठी नाटकांवरील निबंधासाठी तमीळ व तेलुगू नाट्यपरंपरा ठाऊक असणारा हवा. महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्या वाचू शकणारे अभ्यासक बोटांवर मोजण्याइतके. अशा विषयांत नाव झाकल्याने काहीच झाकले जात नाही. पहिल्या परिच्छेदातच लेखक ओळखू येतो आणि अभिप्रायाच्या शैलीवरून परीक्षकही. दुहेरी अनामिकता हा मग एक शिष्टाचार तेवढा उरतो.

दुसरी अडचण अधिकाराची. विभागप्रमुख, प्रबंधपरीक्षक, निवड समितीतील तज्ज्ञ आणि पत्रिकेचा सल्लागार या भूमिकांत तीच ती माणसे पुनःपुन्हा येतात. अशा वर्तुळात कनिष्ठ अध्यापकाने ज्येष्ठाच्या निबंधावर प्रतिकूल अभिप्राय स्वाक्षरीनिशी द्यावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने १९९९ पासून परीक्षकांची नावे लेखकांना कळविण्याचे धोरण स्वीकारले, त्याचे अनुकरण मराठीत तसेच्या तसे करता येणार नाही. येथे अनामिकता हे दुर्बलाचे संरक्षण आहे, आणि ते काढून घेणे म्हणजे परीक्षण पूर्णपणे ज्येष्ठांच्या हाती देणे होय.

तिसरी अडचण सर्वांत मूलभूत, आणि ती 'समकक्ष' या शब्दाशीच निगडित आहे. समकक्ष कोणी ठरवावयाचे? दलित साहित्याचा उदय होत असताना प्रस्थापित समीक्षेतील जाणकार 'तज्ज्ञ' होते, यात शंका नाही. पण त्या अनुभवाचे आणि त्या भाषेचे ते समकक्ष होते काय, हा प्रश्न त्या काळातच विचारला गेला. औरंगाबादहून निघालेले गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' हे त्या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर होते. नव्या लेखनाने आपले नियतकालिक काढले आणि त्या नियतकालिकाने आपले परीक्षक घडविले. साठोत्तरी लघुनियतकालिकांचाही अनुभव याहून फार वेगळा नाही. यावरून असे म्हणता येईल की, एखाद्या विषयाचे समकक्ष नेहमी आयते उपलब्ध नसतात. काही वेळा ते निर्माण करावे लागतात. गुणांकाच्या पद्धतीत अशा नव्या नियतकालिकाला त्याच्या पहिल्या दहा वर्षांत कोणते स्थान मिळाले असते, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

७

परीक्षण नको, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. परीक्षणावाचून निबंध सुधारण्याची संधी जाते आणि छापण्याचा अधिकार ओळखीपाळखीवर येतो. प्रश्न परीक्षणात वाचनाला पुन्हा स्थान कसे द्यावयाचे, हा आहे. त्यासाठी अभिप्राय हा समीक्षेचा प्रकार मानावा लागेल. निबंधाचे मुख्य प्रतिपादन परीक्षकाने प्रथम स्वतःच्या शब्दांत, लेखकाला मान्य होईल असे मांडावे. आपल्या शास्त्रपरंपरेत पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्याशिवाय खंडनाचा अधिकार नसे, तीच ही शिस्त. प्रत्येक आक्षेप उत्तर देता येईल इतका नेमका असावा. निर्णयाची कारणे संपादकाने स्वतःच्या नावाने कळवावीत. एम.ए. आणि पीएच.डी.च्या संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात अभिप्रायलेखनाचा पाठ असावा. आज परीक्षकाचे काम बहुतेकांवर कोणत्याही तयारीशिवाय येऊन पडते.

स्वीकृत निबंधासोबत त्याचे अभिप्राय, परीक्षकाचे नाव न देताही, छापता येतील. 'एम्बो जर्नल' २००९ पासून अभिप्राय प्रसिद्ध करीत आले आहे. 'ईलाइफ' या पत्रिकेने तर २०२३ पासून, परीक्षणासाठी घेतलेल्या निबंधांच्या बाबतीत, स्वीकार-नकाराचा निर्णयच सोडून निबंध आणि अभिप्राय एकत्र छापण्याचा मार्ग पत्करला आहे. ह्यूएल यांची १८३१ सालची कल्पना जवळजवळ दोन शतकांनी अशी परतली आहे. मराठीत हे केल्यास निबंध, आक्षेप आणि उत्तर यांची जुनी जाहीर परंपराच नव्या रूपात सुरू होईल.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी विभागांवर येथे एक विशेष जबाबदारी येते. बनारस, बडोदे, हैदराबाद यांसारख्या ठिकाणी मराठीचा अभ्यासक शेजारच्या भाषांच्या अभ्यासकांबरोबर काम करीत आला आहे. तंजावरच्या नाटकांवरील निबंध तेलुगूच्या प्राध्यापकाला, ख्रिस्तपुराणावरील निबंध पोर्तुगीजच्या जाणकाराला दाखविणे तेथे सहज शक्य असते. मराठीतील परीक्षकांचे लहान वर्तुळ मोठे करण्याचा हा एक खात्रीचा मार्ग आहे. अभिप्राय हिंदीत आला, इंग्रजीत आला, तरी हरकत नाही. तो निबंध वाचून लिहिलेला असावा, आणि तो वाचल्यावर लेखकाला आपला निबंध पुन्हा लिहावासा वाटावा, एवढे पुरे.